सतरा नंबरचा नमुना

१४ नोव्हेंबर

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. तुम्ही बरे असाल, गुडघा फार छळत नसेल, असं धरून चालते. मी मजेत आहे.

एवढं गेल्या रविवारी लिहिलं आणि कागद उशीखाली सारून दिला. आज पुन्हा काढलाय. फोन केला असता, पण फोनवर आपलं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही म्हणता, "बोल." मी म्हणते, "काही नाही, सहज." मग आपण दोघं तुमच्याकडच्या टीव्हीवरच्या बातम्या ऐकत बसतो आणि शेवटी तुम्ही म्हणता, "बरं, ठेवू?" त्यापेक्षा कागद बरा. तो निदान ठेवू का म्हणून विचारत नाही.

बातमी अशी की मला एका परिषदेत बोलायला बोलावलंय. तशी आमंत्रणं रोजच येतात हो आम्हाला. सकाळी मेल उघडली की तीन-चार परिषदा हात जोडून उभ्याच असतात. आपल्या थोर संशोधनाने आम्ही भारावून गेलो आहोत, तरी शुल्क भरून अवश्य यावे. मागच्या महिन्यात एकांनी तर मला दातांच्या डॉक्टरांच्या परिषदेचं अध्यक्षपद देऊ केलं. पोलादाची कवळी बसवायचा विचार असेल, कोण जाणे. पण ही परिषद तसली नाही, ही खरी आहे. धातू का मोडतो, एवढ्या एकाच विषयावर तीनशे माणसं चार वर्षांतून एकदा जमतात. त्यातलं पाऊण तासाचं व्याख्यान मला दिलंय. शिवाय परिषद संपताना मोठ्या प्रयोगशाळेतल्या दोन वर्षांच्या संशोधनवृत्तीसाठी एकाची निवड होणार आहे. यादीत तीन नावं आहेत, त्यातलं एक माझं. आणि निवडणाऱ्यांत आपले मोठे सर आहेत. जुन्या संस्थेत माझी प्रयोगशाळा आणि तुमचं वर्कशॉप ज्यांच्या हाताखाली होतं तेच. अजूनही चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात म्हणे.

बोलायचंय त्या सहा वर्षांपूर्वीच्या पेपरवर. ज्याचे नमुने तुम्ही केले होते तो. त्याला आता भलताच मान आलाय. त्या जातीच्या पोलादावर कुणीही काही करायला घेतलं की आधी आमचा ग्राफ समोर लावतात आणि मग आपली टिंबं त्यावर बसतात का ते बघतात.

घरमालकीणबाईंना मी ही बातमी सांगितली. दुसरं कोण आहे इथे सांगायला? त्यांनी विचारलं, "म्हणजे तू करतेस तरी काय दिवसभर?" मी म्हटलं, बोटाएवढा पोलादाचा तुकडा, म्हणजे नमुना, घ्यायचा, मधे कंबरेसारखा बारीक केलेला. तो मशीनमध्ये लावायचा. मशीन त्याला सेकंदाला पन्नास वेळा ओढतं आणि सोडतं. असे एक कोटी फेरे व्हायला सव्वादोन दिवस लागतात. "आणि मोडला तर?" मोडला तर का मोडला ते शोधायचं. "आणि नाहीच मोडला तर?" मग ग्राफवर एक टिंब काढायचं आणि त्याला उजवीकडे जाणारा छोटा बाण काढायचा. म्हणजे अजून चालू आहे. "एवढं शिकून हे करतेस होय!" बाई म्हणाल्या आणि गॅस बंद करायला आत गेल्या.

खोली ठीक आहे. एक खिडकी, समोर दुसऱ्या इमारतीची मागची बाजू, तिच्या पाइपांवर पारवे. रविवारी मी लॅबमध्ये जाते. काम असतं असं नाही. मशीनचा आवाज चालू असला की कुणीतरी घरात आहे असं वाटतं. तुम्ही लेथजवळ उभे राहून काही न बोलता ज्या आवाजात काम करायचात, त्याच सुरात ते घुमतं.

आता खरं काम. माझे हल्लीचे नमुने पृष्ठभागावरूनच फुटतायत. इथला टर्नर चांगला आहे, पण पॉलिशला त्याचा हात तुमच्यासारखा बसत नाही. तुम्ही शेवटचं पॉलिश कसं करायचात, कुठल्या क्रमाने, ते जरा कळवाल का? तुमच्या हातचे ते वीस नमुने मी अजून लोकांना दाखवते. म्हणजे एकोणीस. छापलेत एकोणीसच.

असो. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची भाची

*

७ डिसेंबर

ती. मामा,

नमस्कार. तुमचं कार्ड निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. ते बरोबर आणलंय. पाहुण्यांच्या खोलीतल्या टेबलावर आरशाला टेकवून ठेवलंय.

"पॉलिश लांबीच्या दिशेने. आडवं अजिबात नाही. दर पॉलिशपेपरला तेल बदल. शेवटचा पेपर जुना, वापरलेला घे. नवा चावतो. मामा."

नवा चावतो! मी एकटीच हसले. हे कुठल्याही पुस्तकात नाही हो. आमच्या लॅबच्या टर्नरला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "हे लिहिणाऱ्याचे पाय धरले पाहिजेत." तब्येतीबद्दल, माझ्या व्याख्यानाबद्दल तुम्ही अक्षरही लिहिलं नाहीत. रागावले नाही मी. कार्ड आलं हेच खूप आहे. सहा वर्षांत तुमचं अक्षर पहिल्यांदा पाहिलं.

परिषद कशी आहे सांगू? सगळ्यांच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला नाव. माणसं आधी छातीकडे बघतात, नाव वाचतात आणि मग तोंडाकडे बघायचं की नाही ते ठरवतात. माझ्या नावाखाली लाल फीत आहे, "निमंत्रित वक्ता" लिहिलेली, त्यामुळे माझ्या तोंडाकडे बघतात. पण बोलून झालं की खांद्यावरून मागे बघायला लागतात, आणखी कुणी मोठं येतंय का म्हणून. जेवायची टेबलं उंच आहेत, खुर्च्या नाहीत. उभ्यानेच ताटली धरून घोळक्यात शिरावं लागतं. मला ते जमत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी खांबाजवळ उभी राहून परिषदेची पुस्तिका वाचत जेवते, जणू फारच महत्त्वाचं काही शोधतेय. कालपासून ती पुस्तिका माझी तीनदा वाचून झाली. प्रायोजकांच्या जाहिरातीसुद्धा पाठ झाल्यात.

मोठे सर भेटले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुझं झाल्यातच जमा आहे. उद्या फक्त नीट बोल, नवीन काही काढू नकोस." इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! खोटं कशाला बोलू, या वयाला कुणी पाठीवर हात ठेवला की डोळ्यांत पाणी येतं.

दुपारी पोस्टरं बघायला गेले. मोठा हॉल, भिंतीला ओळीने पोस्टरं, प्रत्येकापुढे एकेक विद्यार्थी शाळेत शिक्षा झाल्यासारखा उभा. एका कोपऱ्यात एक मुलगी होती. चोवीस-पंचवीसची, आखूड केसांची, बोलताना मार्करचं टोपण उघडायची आणि लावायची. तिच्यापुढे कुणीच नव्हतं म्हणून मी थांबले. बघते तर तेच पोलाद, मामा. आपलंच. तिने तीस नमुने चालवलेत. त्यातले अठ्ठावीस नमुने कोटीच्या पार गेले. दोन मधेच मोडले, ऐंशी-नव्वद लाखांवर.

त्या दोघांचे फोटो तिने मोठे करून लावले होते. मोडलेल्या तोंडावर आतल्या भागात एक बारीकसा मळाचा दाणा, वितळलेल्या पोलादात राहून गेलेला, आणि त्याच्याभोवती गोल, चकचकीत वर्तुळ. आमच्यात त्याला माशाचा डोळा म्हणतात. म्हणजे तडा बाहेरून आत आलेला नाही, आतून बाहेर गेलाय. बाहेरचा पृष्ठभाग लख्ख.

ती म्हणाली, "मॅडम, माझे गाईड म्हणतात हे दोन्ही वगळ. तुमच्या पेपरमध्ये असा एकही नाही ना. ते म्हणतात बनवतानाच काहीतरी चूक झाली असणार. आमच्या टर्नरकाकांना त्यावरून बोलणी बसली. ते रोज दारात येऊन विचारतात, बाई, माझ्या हातून काय झालं ते सापडलं का?" मग टोपण लावून माझ्याकडे सरळ बघत तिने विचारलं, "तुमच्यातला एकही आधी मोडला नव्हता?"

मी म्हटलं, "नाही."

पाणी पिऊन येते असं सांगून निघाले आणि परत गेलेच नाही. खोलीत येऊन हे लिहितेय. अजून बाहेर ऊन आहे. खाली बागेत सगळे चहा पितायत, हसण्याचे आवाज येतायत. कार्ड समोर आहे. मामा, मला काहीतरी सांगायचंय तुम्हाला, पण आज नाही जमणार. उद्या साडेदहाला माझं व्याख्यान आहे.

भाची

*

८ डिसेंबर

मामा,

क्रमाने सांगते. तुम्ही म्हणायचात ना, आधी माप, मग काप.

सहा वर्षांपूर्वीचा शनिवार, दुपारचे तीन. लॅबमध्ये मी एकटी. सतरा नंबरचा नमुना मशीनवर होता आणि बाकीचे नमुने गेले तसा तोही कोटी गाठणार म्हणून मी डबा उघडला होता. मशीन एकदम थांबलं. आकड्यावर एक्क्याऐंशी लाख आणि काही हजार. अर्धा तुकडा वरच्या पकडीत, अर्धा खालच्या.

मी दोन्ही तुकडे काढले आणि एकमेकांना जोडून बघितले.

एवढंच केलं मी. जगातलं कुठलंही लहान मूल करील ते. पण मी दहा वर्षांची असताना वर्कशॉपमध्ये तुटलेला बोल्ट असाच जोडत होते आणि तुम्ही माझ्या हातावर चापट मारली होतीत. आयुष्यात एकदाच मारलंत. "घाईबाई, मोडलेली तोंडं कधी एकमेकांना लावायची नाहीत. ते कसं मोडलं हे त्या तोंडांवरच लिहिलेलं असतं. घासलंस की पुसलं." त्यानंतर मी दहावीपासून तुमच्याच घरी राहिले, शिकले, डॉक्टरेट घेतली. दर वर्षी नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच वाक्य मी सांगते. आणि त्या दिवशी मीच लावली. खट् करून बसली ती. इतकी छान बसली की मी बोटाने फिरवूनसुद्धा बघितली. फिरवताना आतून करकर लागली तेव्हा मला कळलं मी काय करतेय.

मायक्रोस्कोपखाली धरलं तर नुसती चकाकी. सगळं घासलेलं. का मोडला ते आता कुणालाही सांगता येणार नव्हतं. सोमवारी सरांनी विचारलं, "सतरा का मोडला?" दोन दिवसांनी पेपर पाठवायचा होता. "मी तोंडं घासली" एवढं म्हणायला तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? ओरडले असते, आणखी चार नमुने करायला लावले असते, पेपर सहा महिने लांबला असता. बस, एवढंच. पण मी वहीत लिहिलं, "पृष्ठभागावर आडवा ओरखडा. नमुना बनवताना राहिलेला दोष. वगळावा."

आडवा ओरखडा आहे का ते बघायला तुकड्याची बाजू भिंगाखाली धरायची होती. दहा मिनिटांचं काम. बाजू काही घासली गेली नव्हती. पण मी ती बघितलीच नाही, मामा. मला भीती वाटली की ओरखडा नसेल. न बघता लिहिलं.

वर्कशॉपच्या नोंदवहीत त्या वीसही नमुन्यांपुढे तुमची सही होती. संध्याकाळी तुम्ही लॅबच्या दारात आलात. हात पुसायचं फडकं हातातच होतं. तुम्ही विचारलंत, "सतराव्यावर ओरखडा होता?"

मी म्हटलं, "होता."

"दाखव जरा."

"भंगारात गेला."

तुम्ही फडक्याची घडी केलीत, "बरं" म्हणालात आणि गेलात.

भंगारात गेला नव्हता. माझ्या खणात होता. तिथून तो औषधाच्या रिकाम्या बाटलीत गेला आणि तेव्हापासून प्रत्येक खोलीत माझ्याबरोबर आलाय. दोन तुकडे, मधे कापूस. पंधरा दिवसांत तुम्हाला लेथवरून काढून स्टोअरच्या काउंटरवर बसवलं. नट-बोल्ट मोजून द्यायला! तुमच्या हातांना! मी रोज त्या काउंटरवरून जायचे आणि मान खाली घालून फोन बघायचे. निवृत्तीला दीड वर्ष बाकी असताना तुम्ही नोकरी सोडलीत. मामी गेली तेव्हा मी आले, चार दिवस राहिले, आणि निघताना तुम्ही एवढंच म्हणालात, "जेवून जा." मामी असती तर तिने माझा कान धरून खरं काढलं असतं. ती गेल्यावर कान धरणारं कुणी राहिलं नाही.

आता आजचं सांगते.

साडेदहाला उभी राहिले. हॉल भरलेला. मोठे सर पहिल्या रांगेत, चष्मा कपाळावर. ती पोस्टरवाली मुलगी शेवटच्या रांगेत, वही उघडून. मी एकोणीस टिंबांचा तो ग्राफ लावला, सगळ्यांना पाठ असलेला. आणि मग सकाळी सात वाजता बसून केलेली दुसरी स्लाइड लावली. तोच ग्राफ, त्यात विसावं टिंब. बाण नसलेलं.

मी म्हटलं, "हा सतरा नंबरचा नमुना आहे. हा एक्क्याऐंशी लाखांवर मोडला. मी त्याची तोंडं एकमेकांना लावून घासली, आणि ते लपवायला दोष टर्नरवर टाकला. कारण तपासलं नव्हतं. ज्यांनी हा नमुना केला त्यांच्या हातून तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या माहितीत एकही वाईट नमुना गेलेला नाही." मग तुमचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पेपरमध्ये ते कुठेच नव्हतं, आभारातसुद्धा नव्हतं. तीनशे माणसांपुढे मोठ्याने घेतलं. आवाज फाटला माझा, पण घेतलं.

टाळ्या वाजल्या नाहीत. खुर्च्या करकरल्या. कुणीतरी खोकलं. मग शेवटच्या रांगेतून त्या मुलीने हात वर केला आणि विचारलं, "तुकडे अजून आहेत?" मी पर्समधून बाटली काढून वर धरली.

बाहेर मोठे सर गाठ पडले. चिडले नव्हते. चिडले असते तर एक वेळ बरं झालं असतं. थकल्यासारखे म्हणाले, "एका टिंबासाठी? मला आधी येऊन सांगायचं. आपण हळूच दुरुस्ती छापली असती." खरं आहे त्यांचं. पण हळूच छापलेलं तुमच्यापर्यंत कसं पोचलं असतं? संशोधनवृत्ती दुसऱ्या एकाला मिळाली, दुपारी जाहीर झालं. चांगला माणूस आहे, मीही टाळ्या वाजवल्या. जेवताना माझ्या खांबाजवळ कुणी फिरकलं नाही. आज पुस्तिकाही उघडली नाही मी, नुसतीच उभी राहून जेवले.

तुकडे त्या मुलीला दिलेत. ती म्हणते, घासलेल्या तोंडातही दाणा असला तर सापडू शकतो, आणि बाजू तर बघताच येईल. कदाचित खरंच ओरखडा निघेल, मामा. मला माहीत नाही. मला तेव्हाही माहीत नव्हतं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी "होता" म्हणाले. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते.

उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होते. बघतेय.

भाची

*

१९ जानेवारी

मामा,

पत्र आलं. पोस्टमन खाली पेटीत टाकून गेला होता आणि मी जिन्यातच उघडलं. घरमालकीणबाई भाजीची पिशवी घेऊन वर चालल्या होत्या. मला पायरीवर बसलेली बघून त्या पिशवीसकट शेजारी बसल्या. अर्धा तास तशाच बसल्या होत्या बिचाऱ्या.

तुम्ही लिहिलंत तेच पुन्हा इथे उतरवून काढते, कारण मी नीट वाचलं ना, याची मला खात्री करायचीय.

"पत्र तीनदा वाचलं. मला लेथवरून कुणी काढलं नव्हतं. मीच जाऊन काउंटर मागितलं. सतरा नंबर देण्याआधी मी तो भिंगातून दोनदा फिरवून पाहिला होता. मला काही दिसलं नव्हतं. तू म्हणालीस ओरखडा होता. तू खोटं कशाला सांगशील? म्हणजे माझेच डोळे गेले असं धरलं. ज्याला ओरखडा दिसत नाही त्याने लेथवर उभं राहू नये. तुझ्यावर राग कधीच नव्हता. तुझ्या कामाची माझ्या हातून नासाडी झाली म्हणून तोंड दाखवायची लाज वाटायची. फोनवर काय बोलावं सुचायचं नाही. मामीलाही सांगितलं नाही. भिंग एका शिकाऊ मुलाला देऊन टाकलं. मामा."

सहा वर्षं मी समजत होते की तुम्ही माझ्यावर रागावला आहात. ते मला परवडत होतं, मामा. रागावलेल्या माणसाला टाळता येतं. आणि तुम्ही तिकडे त्याच टीव्हीसमोर बसून स्वतःचे डोळे गेले म्हणून माझ्यापुढे लाजत होतात. माझ्यापुढे! तुमचं नाव गेलं, नोकरी गेली, याचं मला वाईट वाटायचं. पण हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी तुमचं नाव तीनशे माणसांपुढे घेऊन आले आणि मला वाटलं, झालं, फेडलं. जे घेतलं होतं ते हे होतं, आणि ते तिथल्या एकालाही परत करता येणारं नव्हतं. ते तुम्हालाच येऊन द्यायला हवं.

म्हणून ऐका. काल त्या मुलीचा फोन आला. तिने सतरा नंबर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली सगळ्या बाजूंनी बघितला. एकदा तिने, एकदा तिच्या गाईडनी, आणि एकदा त्यांच्या टर्नरकाकांना बोलावून त्यांना दाखवला. घासलेल्या तोंडात, काठापासून बराच आत, दाणा सापडला. माशाचा डोळा पुसला गेलाय, तो मी पुसला, पण दाणा आहे तिथेच आहे. टर्नरकाकांनी स्क्रीनवर पृष्ठभाग बघितला आणि म्हणाले, "हे कुणी केलंय? एकही रेघ आडवी नाही." तिचे दोन्ही नमुने आता पेपरमध्ये राहणार आहेत. मी दुरुस्ती पाठवलीय, वीस टिंबांची, त्यात नमुने करणाऱ्याचं नाव पहिल्या ओळीत.

फोटो छापून घेतलाय, वहीच्या पानाएवढा. शनिवारी सकाळच्या गाडीने घेऊन येते. बरोबर एक नवं भिंग आणतेय, दहापट दाखवणारं. फोटो त्याने तुम्हीच तपासा. माझ्या शब्दावर पुन्हा काही मानू नका. आणि दार उघडलंत की "जेवून जा" म्हणू नका. "बस" म्हणा. मी दोन दिवस राहणार आहे.

तुमच्या डोळ्यांना काहीही झालं नव्हतं, मामा. तुम्हाला ओरखडा दिसला नाही, कारण ओरखडा नव्हता.

तुमची
घाईबाई